टीव्हीवरची शर्यत: एरवी न पाहणाराही तिथे का थबकतो?

४ ऑगस्ट २०२४ च्या रात्री पॅरिसच्या स्टाद द फ्रान्समध्ये, त्या जांभळ्या ट्रॅकवर, पुरुषांची १०० मीटरची अंतिम शर्यत संपली आणि कोण जिंकलं हे कोणालाच कळलं नाही. अमेरिकेच्या नोआ लाइल्सला वाटलं, जमैकाच्या किशेन थॉम्पसननं बाजी मारली. तसं त्यानं थॉम्पसनला बोलूनही दाखवलं. मोठ्या पडद्यावर निकालाच्या जागी नुसताच ‘फोटो’ हा शब्द आला, म्हणजे निकाल अंतिम रेषेवरचं चित्र तपासून लागणार. खेळाडू मान वर करून उभे, प्रेक्षक उभे, आणि टीव्हीचा कॅमेराही त्या दोघांना सोडून कुठे जाईना. मग नाव आलं: लाइल्स, ९.७८४ सेकंद. थॉम्पसन ९.७८९. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातल्या पाच भागांचा फरक. त्या वेगात तो जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर भरतो.

ती शर्यत पाहणाऱ्यांत असे कितीतरी लोक होते, ज्यांनी आधीच्या ऑलिंपिकनंतर एकही शर्यत पाहिली नव्हती. थॉम्पसनची त्या मोसमातली सर्वोत्तम वेळ त्यांना ठाऊक नव्हती, लाइल्सचा सराव कसा चालतो याचा पत्ता नव्हता. तरी ते जागचे हलले नाहीत. कारण तेवढ्या वेळापुरता त्यांच्यापुढे एकच प्रश्न होता आणि तो लख्ख होता: दोघांपैकी कोण? उत्तर येईपर्यंत टीव्हीनं त्यांना दुसरीकडे नेलं नाही.

अधूनमधून बघणाऱ्याला मैदानी खेळांत, म्हणजे ॲथलेटिक्समध्ये, रस नसतो, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. कोण पुढे पळतंय, कोण उंच उडी मारतंय, हे बघायला आवडत नाही असा माणूस विरळा. अडचण वेगळीच असते. त्या घटकेला नेमकं कशाकडे बघायचं, हे त्याला कोणी सांगत नाही. चांगलं प्रक्षेपण दर वेळी त्याच्यापुढे एक प्रश्न ठेवतं आणि उत्तराची वाट बघताना त्याच्यासोबत थांबतं. रुळांवरून पळणारे कॅमेरे, हिरवळीवर उमटणाऱ्या रंगीत रेषा, समालोचन, खेळाडूंच्या कहाण्या ही सगळी त्याच कामाची साधनं आहेत. ती कशी चालतात आणि कुठे फसतात, ते बघू.

एकाच वेळी चार ठिकाणी खेळ

फुटबॉलमध्ये चेंडू एकच असतो, कॅमेऱ्यानं त्याच्यामागे जायचं. मैदानी खेळांत एकाच संध्याकाळी ट्रॅकवर अडथळ्यांच्या शर्यतीची उपांत्य फेरी चाललेली असते, जाळीच्या पिंजऱ्यात थाळीफेक, एका कोपऱ्यात उंच उडी आणि समोरच्या बाजूला लांब उडीचा वाळूचा खड्डा. पॅरिसमध्ये ॲथलेटिक्सच्या एकूण ४८ स्पर्धा होत्या. मोठ्या स्पर्धांत ट्रॅकसाठी, उड्यांसाठी आणि फेकींसाठी कॅमेऱ्यांचे वेगवेगळे संच आणि वेगवेगळे दिग्दर्शक असतात. प्रत्येक जण आपापल्या खेळाचं चित्र सलग तयार करत राहतो. त्या सगळ्यांच्या वर एक मुख्य दिग्दर्शक बसतो. या क्षणी जगाला काय दाखवायचं, ते तो ठरवतो.

ऑलिंपिकमध्ये हे मूळ चित्र ऑलिंपिक ब्रॉडकास्टिंग सर्व्हिसेस ही संस्था पुरवते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं ती २००१ मध्ये स्थापन केली. देशोदेशीच्या वाहिन्या ते चित्र घेतात, त्यावर आपलं समालोचन चढवतात, मध्ये आपल्या स्टुडिओतली चर्चा आणि आपल्या खेळाडूंवर रोखलेले स्वतःचे कॅमेरे मिसळतात. त्यामुळे दोन देशांतल्या प्रेक्षकांना तीच संध्याकाळ बरीच वेगळी दिसते. एका देशात भालाफेकीचा प्रत्येक फेरा थेट दिसतो, दुसऱ्या देशात त्याच भालाफेकीला सगळे मिळून दोन मिनिटं मिळतात.

मुख्य दिग्दर्शकाचा खरा वैरी म्हणजे घड्याळ. धावपटू स्टार्टिंग ब्लॉकमध्ये, म्हणजे सुरुवातीला पाय टेकवायच्या ठोकळ्यांवर, पाय रोवत असतात, नेमकी तेव्हाच थाळीफेकीतली आघाडीची खेळाडू वर्तुळात शिरते. थेट एकच दाखवता येतं. शर्यत दाखवली जाते आणि थाळीची फेक दोन मिनिटांनी ध्वनिचित्रफितीवर. प्रेक्षकाला वाटतं, आपण फेक पाहिली. पण ती होऊन गेलेली असते, मैदानातला जल्लोष विरलेला असतो आणि समालोचकाच्या आवाजात उत्सुकता उरलेली नसते. यातून होणारं नुकसान पुढे भालाफेकीच्या निमित्तानं अधिक स्पष्ट होईल.

वेग डोळ्यांना दाखवायचा कसा

उंच गॅलरीतल्या कॅमेऱ्यातून १०० मीटरची शर्यत बघितली तर माणसं इवलीशी दिसतात आणि वेग जाणवतच नाही. वेगाची जाणीव होते ती मागची पार्श्वभूमी सरकण्यातून. म्हणून ट्रॅकच्या कडेनं रूळ टाकून त्यावर धावपटूंच्या बरोबरीनं पळणारा कॅमेरा ठेवतात. तो बाजूनं बघतो, त्यामुळे कोण किती पुढे आहे तेही नीट कळतं. समोरच्या कॅमेऱ्याची गोष्ट उलटी. लांब पल्ल्याच्या भिंगातून चेहरे अप्रतिम दिसतात, पण अंतरं चेपली जातात. दोन मीटर मागे असलेला धावपटू पहिल्याच्या खांद्याला खांदा लावून पळतोय असं वाटतं. म्हणून जाणता दिग्दर्शक शर्यत चालू असताना समोरचं चित्र जपून वापरतो. रिप्लेमध्ये मात्र त्याच्यासारखं दुसरं काही नाही. आणि ११० मीटर अडथळ्यांची शर्यत एकदा तरी जमिनीलगतच्या कॅमेऱ्यातून बघावी. पुरुषांचा अडथळा १.०६७ मीटर उंच असतो, बहुतेक माणसांच्या कमरेच्याही वर. ते तिथूनच उमगतं.

४०० मीटरची शर्यत नव्या प्रेक्षकाला सगळ्यात जास्त गोंधळात टाकते. पूर्ण फेरी आपापल्या लेनमध्येच (आखून दिलेल्या मार्गिकेतच) पळायची असते आणि बाहेरच्या लेनचं वळण मोठं असतं. म्हणून बाहेरच्या खेळाडूंना पुढून सोडतात. आठव्या लेनमधला धावपटू पहिल्या लेनमधल्याच्या तब्बल ५३ मीटर पुढे उभा असतो. साहजिकच तो जिंकतोय असं शेवटच्या वळणापर्यंत वाटत राहतं आणि सरळ पट्ट्यात आल्यावर अचानक चित्र पालटतं. इथे समालोचकाचं एक वाक्य सगळं काम करून जातं: कोण पुढे आहे ते बघू नका, शेजारच्या दोघांमधलं अंतर कमी होतंय का ते बघा. आतल्या लेनमधला बाहेरच्याला गाठायला लागला, की तो कमाई करतोय. बाहेरचा त्याच्यापासून अजून लांब चालला असेल, तर बाहेरचा काहीतरी अचाट करतोय.

२०१६ मध्ये रिओत असंच झालं. दक्षिण आफ्रिकेचा वेड व्हॅन निकर्क आठव्या लेनमध्ये होता. त्या लेनमधून समोर कोणीच दिसत नाही, सगळे प्रतिस्पर्धी पाठीमागे. किराणी जेम्स आणि लाशॉन मेरिट हे दोन माजी विजेते आतल्या लेनमध्ये होते. शर्यतभर व्हॅन निकर्क पुढेच दिसत होता, पण आठव्या लेनमधला दिसणारच. खरी गोष्ट कळली ती शेवटचं वळण संपल्यावर, जेव्हा बाकीच्यांची सुरुवातीची पिछाडी भरून निघायला हवी होती आणि ती भरून निघालीच नाही. ४३.०३ सेकंद. मायकल जॉन्सनचा १९९९ पासूनचा ४३.१८ चा विश्वविक्रम गेला. अंतर बघायची ही युक्ती ज्याला माहीत होती, त्याला विक्रमाचा वास दुसऱ्या वळणावरच आला असेल. ज्याला माहीत नव्हती, त्यानं फक्त बाहेरचा एक माणूस जिंकताना पाहिला.

१०० मीटरबद्दलही एक गोष्ट सांगितली की पाहण्याची नजरच बदलते. शेवटपर्यंत वेग वाढवत नेणं कोणालाच जमत नाही. साठ-सत्तर मीटरच्या सुमारास वेग कळसाला पोचतो आणि मग सगळेच मंदावतात. २००९ मध्ये बर्लिनला उसेन बोल्टनं ९.५८ चा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याचा सर्वाधिक वेग ताशी ४४.७ किलोमीटरच्या आसपास होता आणि तो साठ ते ऐंशी मीटरच्या टप्प्यात. शेवटी ‘मुसंडी मारणारा’ दिसतो, तो खरं तर इतरांपेक्षा कमी मंदावत असतो. पॅरिसमध्ये लाइल्सला बंदुकीच्या आवाजाला प्रतिसाद द्यायला ०.१७८ सेकंद लागले. आठ जणांत त्याच्यापेक्षा सावकाश कोणी नव्हतं. तीस मीटरपर्यंत तो सगळ्यांच्या मागे होता. ही माहिती शर्यतीनंतरच्या रिप्लेत रेषा आणि आकड्यांसह आली, की आत्ताच पाहिलेली दहा सेकंदं पुन्हा पाहावीशी वाटतात. आता संगणक चित्रावरूनच प्रत्येकाचा वेग मोजून पडद्यावर दाखवू शकतो. फक्त एक पथ्य हवं: एका वेळी एकच आकडा. आठ धावपटूंचे आठ वेग एकदम दाखवले, तर नव्या माणसाच्या पदरात काहीच पडत नाही.

सुरुवातीच्या आवाजाचंही असंच आहे. बंदूक एका जागी वाजवली, तर लांबच्या लेनपर्यंत आवाज पोचायला सेकंदाचे दोन-तीन शतांश जास्त लागतात. पॅरिसचा निकाल बघता हा वेळ खूप झाला. म्हणून प्रत्येक ब्लॉकमागे ध्वनिक्षेपक असतो आणि आवाज सगळ्यांना एकाच वेळी ऐकू येतो. आवाजानंतर ०.१०० सेकंदाच्या आत कोणी हललं तर फाउल. इतक्या लवकर प्रतिक्रिया देणं माणसाला शक्य नाही, म्हणजे त्यानं अंदाजानं उडी घेतली असं धरतात. २०१० पासून पहिल्याच फाउलला बाहेर. २०११ मध्ये देगूच्या जागतिक स्पर्धेत खुद्द बोल्ट याच नियमानं १०० मीटरच्या अंतिम फेरीतून बाद झाला. हा नियम माहीत असलेला प्रेक्षक ब्लॉकमधली ती शांतता श्वास रोखून बघतो, आणि कसलेला समालोचक त्या वेळी गप्प बसतो.

फोटो फिनिशचं चित्र वाचायचं कसं

यावर जरा थांबायला हवं, कारण टीव्हीवर दिसणाऱ्या सगळ्या चित्रांत हे सर्वांत जास्त चुकीचं वाचलं जातं. आपण समजतो, शर्यत संपतानाच्या क्षणाचा तो फोटो आहे. तो तसा नसतो. फोटो फिनिशचा कॅमेरा फक्त अंतिम रेषेवरची एक अरुंद उभी पट्टी बघतो, बाकी काहीच नाही. त्या पट्टीच्या तो एकामागून एक प्रतिमा घेत राहतो, पॅरिसमध्ये सेकंदाला ४०,००० पर्यंत, आणि त्या शेजारी शेजारी चिकटवत जातो. म्हणजे त्या चित्रात आडवं दिसतं ते अंतर नसून वेळ असते. चित्रातला प्रत्येक बिंदू त्याच एका रेषेवरचा आहे, फक्त वेगवेगळ्या क्षणांचा.

म्हणूनच त्या चित्रात माणसं विचित्र दिसतात. एखाद्याचं पाऊल नेमकं रेषेवर टेकलं असेल, तर ते टेकलेलं असेपर्यंत प्रत्येक प्रतिमेत येतं आणि बूट हातभर लांब दिसतो. वेगानं पुढे झेपावणारा हात उलट आखूड आणि वाकडा. पार्श्वभूमी पांढरी आणि सपाट असते, कारण ती अंतिम रेषाच असते, हजारो वेळा टिपलेली.

वेळ मोजायची ती धडाची. डोकं, मान, हात, पाय यांना मोल नाही. पॅरिसच्या त्या चित्रात थॉम्पसनचं पाऊल लाइल्सच्या आधी रेषेपलीकडे गेलेलं दिसतं. ज्याला नियम माहीत नाही, त्याला इथे अन्याय झाल्यासारखं वाटेल. ज्याला माहीत आहे, तो पाऊल सोडून छातीची कड शोधेल आणि त्याला लाइल्सची छाती आधी सापडेल. वाहिनीनं चित्र दाखवताना ‘धड बघा’ एवढंच म्हटलं, तरी घरात बसलेला माणूस पंचाचं काम स्वतः करू लागतो. प्रेक्षकाला गुंतवण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

लांब शर्यती: प्रश्न बदलतो तेव्हा

१५०० मीटर आणि त्यापुढच्या शर्यतींत वेळ हाताशी असते, म्हणून तिथे गोष्ट सांगायची सवय लागली आहे. गोष्ट उपयोगाची असते, पण ती डोळ्यांवर झापडही आणू शकते. पॅरिसच्या १५०० मीटरच्या आधी वर्षभर नॉर्वेचा याकोब इंगेब्रिग्टसेन आणि ब्रिटनचा जॉश कर यांचं शाब्दिक युद्ध चालू होतं. शर्यतीचा सगळा गाजावाजा त्या दोघांभोवती. इंगेब्रिग्टसेननं वेग लावून आघाडी धरली, कर त्याच्या मागावर, आणि सगळ्यांची नजर त्या दोघांवर. शेवटच्या सरळ पट्ट्यात आतल्या बाजूला जागा मिळताच अमेरिकेचा कोल हॉकर त्या फटीतून निघाला आणि ३:२७.६५ मध्ये जिंकला. कर दुसरा. इंगेब्रिग्टसेनला पदकही मिळालं नाही.

दोन प्रतिस्पर्ध्यांची गोष्ट सांगून प्रेक्षकाला शर्यतीपर्यंत आणायला माझी हरकत नाही. पण शर्यत सुरू झाली की समालोचकानं पाहावं समोरच्या ट्रॅककडे. शेवटच्या तीनशे मीटरला तिसरा कोण, तो आतल्या बाजूला कोंडलाय की बाहेर मोकळा आहे, हे सांगावं. त्या शर्यतीत हॉकरनं आधी एकदा आतून जायचा प्रयत्न केला होता आणि त्याला जागा मिळाली नव्हती. हे ज्याच्या लक्षात आणून दिलं गेलं असेल, त्याच्यासाठी शेवटचे पन्नास मीटर कितीतरी अधिक रंगले असतील.

पाच किंवा दहा हजार मीटर बघणं नव्या माणसाला जड जातं. दहा हजार मीटर म्हणजे २५ फेऱ्या. तिथे अलीकडे एक चांगली सोय झाली आहे: ट्रॅकच्या आतल्या कडेला दिव्यांची रांग, ठरवलेल्या वेगानं पळणारी. विश्वविक्रमाचा वेग लावला की हिरवा ठिपका पुढे सरकत राहतो आणि धावपटू त्याच्या पुढे आहे की मागे, हे लहान मुलालाही दिसतं. २०२० मध्ये युगांडाच्या जोशुआ चेप्टेगेईनं मोनॅकोत ५००० मीटर १२:३५.३६ मध्ये आणि पुढे व्हॅलेन्सियात १०,००० मीटर २६:११.०० मध्ये पूर्ण केले, ते या दिव्यांच्या साथीनं. काही जाणकारांना हे दिवे आवडत नाहीत. त्यामुळे धावपटू एकमेकांऐवजी दिव्याशी पळतात, असं त्यांचं म्हणणं. विजेतेपदाच्या स्पर्धांत ते नसावेत हे मलाही मान्य आहे. तिथे वेळेपेक्षा डावपेच महत्त्वाचे. पण विक्रमाच्याच इराद्यानं आखलेल्या शर्यतीत दिवे प्रेक्षकाला असा प्रश्न देतात, जो एरवी फक्त हातात घड्याळ घेऊन बसलेल्यालाच दिसायचा.

कधीकधी प्रश्न मध्येच बदलतो आणि दिग्दर्शकाला क्षणात निर्णय घ्यावा लागतो. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरच्या उपांत्य फेरीत ब्रिटनच्या डेरेक रेडमंडचा मांडीमागचा स्नायू फाटला. शर्यत पुढे गेली, कोणीतरी जिंकलंही. पण तो उठून लंगडत निघाला, वडील गॅलरीतून सुरक्षारक्षकांना बाजूला सारत त्याच्यापाशी आले आणि त्याला आधार देत अंतिम रेषेपर्यंत घेऊन गेले. ती फेरी कोण जिंकलं हे आज फार थोड्यांना आठवत असेल. कॅमेरा विजेत्यावरून मागे वळला, म्हणून रेडमंड सगळ्यांना आठवतो.

फेकी आणि उड्या: टीव्हीनं सगळ्यात जास्त हात आखडता घेतला तो इथे

पॅरिसच्या भालाफेकीत १२ जण अंतिम फेरीत होते. प्रत्येकाला तीन फेकी, त्यातल्या पहिल्या आठांना आणखी तीन. सगळ्या मिळून ६० फेकी, आणि मधल्या वेळेत शर्यती. म्हणून वाहिन्या निवडक फेकी एकत्र करून दाखवतात. पण भालाफेकीचा जीव फेकींच्या क्रमात असतो. त्या रात्री दुसऱ्या फेरीत पाकिस्तानच्या अर्शद नदीमनं ९२.९७ मीटर भाला फेकला. २००८ पासूनचा ९०.५७ मीटरचा ऑलिंपिक विक्रम दोन मीटरहून जास्त अंतरानं मागे पडला. त्याच फेरीत नीरज चोप्रानं ८९.४५ मीटर फेकला. त्यानंतर नीरजची प्रत्येक फेक एकाच प्रश्नाचं उत्तर शोधत होती: साडेतीन मीटर अजून कुठून काढायचे? त्यासाठी त्यानं सगळं पणाला लावलं आणि त्याच्या बाकीच्या पाचही फेकी फाउल, म्हणजे अवैध, गेल्या. नुसता निकाल बघितला तर दिसतं, एक चांगली फेक आणि पाच चुका. क्रमानं बघितलं तर दिसतो सुवर्णासाठी मर्यादेपलीकडे जाऊ पाहणारा माणूस.

हिरवळीवर आखलेली आभासी रेषा इथे फार मोलाची. भाला हवेत असतानाच ९२.९७ ची रेषा समोर दिसत असेल, तर तो जमिनीत रुतण्याआधीच प्रेक्षक पुढे सरसावून बसतो. हवेतल्या त्या तीन-चार सेकंदांसाठी त्याला काहीही शिकावं लागत नाही.

आकडा समजावून सांगणं किती गरजेचं आहे, याचं माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण १९६८ चं आहे. मेक्सिको सिटीत अमेरिकेच्या बॉब बीमननं लांब उडी मारली, ती रुळावर सरकणाऱ्या मोजणीच्या यंत्राच्याही पलीकडे. शेवटी पोलादी टेप आणून मोजावं लागलं. फलकावर ८.९० मीटर हा आकडा झळकला आणि बीमनला त्याचा अर्थच लागेना, कारण त्याला फूट-इंचांची सवय. सहकारी राल्फ बॉस्टननं त्याला सांगितलं की ही उडी २९ फुटांच्या वर गेली आहे. तेव्हा कुठे त्याला कळलं आणि तो तिथेच कोसळला. आधीचा विश्वविक्रम होता ८.३५ मीटर. तो ५५ सेंटिमीटरनं मोडला होता. ज्यानं ती उडी मारली, त्यालाही आकड्याचा अर्थ सांगणारं कोणीतरी लागलं. मग घरी बसलेल्या माणसाला ‘८.९०’ एवढंच दाखवून कसं चालेल?

उंच उडी आणि पोल व्हॉल्ट (लांब काठीच्या आधारानं मारायची उंच उडी) मात्र टीव्हीवर आपोआप जमतात, कारण तिथे प्रश्न आडवा बार होऊन डोळ्यांसमोर टांगलेला असतो. पॅरिसमध्ये पोल व्हॉल्टमध्ये स्वीडनच्या आर्मंड डुप्लांटिसनं सुवर्ण केव्हाच नक्की केलं होतं. तरी ६.२५ मीटरच्या विश्वविक्रमासाठी तो पुन्हा पुन्हा धावत आला. तोवर मैदानात दुसरं काहीच उरलं नव्हतं. अख्खं स्टेडियम, आणि त्यासोबत टीव्हीही, फक्त त्याच्याकडे बघत होतं. तिसऱ्या आणि शेवटच्या प्रयत्नात बार जागेवर राहिला. उडी घेण्याआधी खेळाडू हात वर करून टाळ्या मागतो, तेही मोठं काम करतं. तिहेरी उडीतल्या विली बँक्सनं १९८१ मध्ये स्टॉकहोमला ही पद्धत रूढ केली. टाळ्यांचा ठेका वाढू लागला की पाठमोरा बसलेला माणूसही टीव्हीकडे वळतो.

हे सोपं व्हावं म्हणून नियमांतच बदल करून बघण्यात आले. डायमंड लीगमध्ये, म्हणजे दरवर्षीच्या एकदिवसीय स्पर्धांच्या मालिकेत, २०२० आणि २०२१ ला असं ठरवलं की पाच फेऱ्यांनंतर पहिल्या तिघांनी सहावा प्रयत्न करायचा आणि निकाल फक्त त्याच प्रयत्नावर. सगळ्यात लांब फेकणारा तिसरा येऊ लागला. खेळाडू चिडले, प्रेक्षकही चक्रावले, प्रयोग गुंडाळावा लागला. लांब उडीत, जिची कड पायानं ओलांडली की फाउल होतो, त्या फळीऐवजी उडी घेण्याचा रुंद पट्टा करावा, असाही विचार २०२४ मध्ये पुढे आला, कारण बुडापेस्टच्या २०२३ च्या जागतिक स्पर्धेत सुमारे एक तृतीयांश उड्या फाउल ठरल्या होत्या. तोही मागे पडला, आणि पडला ते बरं झालं. फळी हाच तर तिथला प्रश्न आहे. पायाचा अंगठा आणि फळीची कड यांच्यात किती अंतर उरलं, ते दाखवणारा जवळचा कॅमेरा असताना नियम कशाला बदलायचा? २०२५ च्या टोकियो जागतिक स्पर्धेत शेवटच्या फेरीत सहाच जण ठेवले. हा बदल मला रास्त वाटतो. शेवटच्या फेरीतल्या फेकी कमी झाल्या, पण कोणाचीही चांगली फेक वाया गेली नाही.

माणसं दाखवायची ती कुठपर्यंत

अमेरिकेत एबीसी वाहिनीचे रून आरलेज यांनी १९६० च्या दशकात खेळाडूंच्या छोट्या ओळखफिती दाखवायला सुरुवात केली. अनोळखी देशातला अनोळखी खेळाडू, त्याचं घर, त्याची धडपड. त्यामागचं गणित बरोबर होतं: ज्याचं नाव माहीत आहे, त्याची शर्यत बघावीशी वाटते. आजही तेच चालतं. आता तर धावपटूंवरच्या मालिका थेट नेटफ्लिक्सवर येतात. माझी कसोटी एकच आहे. ओळखफीत बघून पुढच्या शर्यतीत काय बघायचं ते कळत असेल, तर ती हवी. तिच्यापायी तिहेरी उडीची निर्णायक फेरी कापली जात असेल, तर नको.

जवळ जाण्यालाही हद्द असते. २०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेत स्टार्टिंग ब्लॉकच्या आतच छोटे कॅमेरे बसवले होते, वर बघणारे, सुरुवातीच्या क्षणी चेहरा टिपायला. त्यावरून जाताना महिला धावपटूंना जे वाटलं, ते त्यांनी स्पष्ट बोलून दाखवलं. जर्मनीच्या ॲथलेटिक्स संघटनेनं तक्रार केली आणि त्या चित्रांच्या वापरावर बंधनं घालावी लागली. खेळाडूला अवघडून टाकणाऱ्या चित्रातून शर्यतीबद्दल काहीच नवं कळत नव्हतं.

मिश्र रिले

नव्या प्रेक्षकाला एकच स्पर्धा दाखवायची झाली, तर मी ४ x ४०० मीटरची मिश्र रिले निवडेन. दोन पुरुष, दोन स्त्रिया, आणि पाठलाग उघड्या डोळ्यांनी दिसणारा. ती जागतिक स्पर्धेत २०१९ ला दोहात आली, तेव्हा कोणी कधी पळायचं हे संघानं ठरवायचं होतं. अंतिम फेरीत पोलंडनं दोन्ही पुरुष आधी पळवले आणि शेवटच्या दोन फेऱ्या स्त्रियांवर सोपवल्या. पोलंडची धावपटू प्रचंड आघाडीवर आणि मागून पुरुष धावपटू तिला गाठायला येतायत, हे चित्र समजायला कसलीही पूर्वतयारी लागत नव्हती. त्यांनी तिला गाठलं, अमेरिका जिंकली. नंतर क्रम नियमानंच ठरवून टाकला: पुरुष, स्त्री, पुरुष, स्त्री. शर्यत त्यामुळे अधिक समतोल झाली हे खरं, पण संघांचा डाव बघण्यातली मजा गेली याची मला अजूनही हळहळ वाटते.

तरी पाठलाग उरला आहेच. बुडापेस्टला २०२३ मध्ये नेदरलँड्सची फेम्के बोल याच रिलेत आघाडीवर असताना रेषेपासून काही मीटरवर पडली. वर्षभरानं पॅरिसमध्ये तिच्या हाती बॅटन आलं, तेव्हा संघ चौथ्या क्रमांकावर होता. तिनं आपली फेरी ४७.९३ सेकंदांत पळून तिघींना मागे टाकलं आणि सुवर्ण मिळवलं. प्रक्षेपण करणाऱ्यांनी तिला बॅटन मिळण्याआधी बुडापेस्टचं ते पडणं पाच सेकंद दाखवलं असेल, तर पुढच्या फेरीत त्यांना एक शब्दही बोलायची गरज नव्हती.